निंबाची घागर

मेलेल्यांची नावं वाचायला तलाठीबाई सकाळी साडेनऊला आल्या, पण ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली तोवरच भट्टी झाली होती. चैत्र सरत आला होता आणि सातपुड्याकडून येणारा वाराही भाजून निघालेला होता. सातबाऱ्यावरची जी माणसं मरून वर्षं झाली त्यांची नावं काढायची, वारसांची लावायची, आणि त्यासाठी यादी चारचौघांत मोठ्यानं वाचायची, असा वरून हुकूम होता. गावाला मोठी गंमत वाटत होती. एखादं नाव आलं की मागून कोणीतरी म्हणे, "हाऊ मरना का? मले वाटनं सुरतले शे." मग सगळे हसत.

भिकुबाई दाराशी उभी होती. ती नावं ऐकायला आली नव्हती. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता, त्याची चिठ्ठी घ्यायला ती आली होती. केळीचे कंद लावून, कापूस वेचून तिची बोटं पार गुळगुळीत झाली होती. तिचा नवरा पुना आत भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, तोही मालकाचा कसलासा कागद न्यायला. पुना बन्सीलाल नानांकडे एकतीस वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी, होता. त्याच्याआधी त्याचा बाप निंबा त्याच घरी सालदार होता. काही घरांत जमीन बापाकडून पोराकडे येते, यांच्या घरात सालदारी आली होती.

"गट नंबर एकशे बारा," बाई वाचत होत्या. "एक हेक्टर साठ आर. खातेदार निंबा दगा, मयत. वारस कोण?"

या वेळी कोणी हसलं नाही. एकशे बारा म्हणजे नाल्याकाठची चार एकर केळी. तिथल्या विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही आटत नसे, आणि ती बन्सीलाल नानांची हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"निंबा दगांचं कोणी आलंय का?"

पुना उठून उभा राहिला. बापाचं नाव घेतल्यावर बसून राहणं त्याला बरं वाटलं नाही. "मी शे, बाई. पन ते वावर आमनं नही. नानानं शे."

"इथं तर तुमच्या वडिलांचं नाव आहे," बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "पंधरा दिवसांत मृत्यूचा दाखला आणि आधार घेऊन या." आणि पुढचा मेलेला वाचायला लागल्या.

खरं काय ते गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. पन्नास वर्षांपूर्वी जमिनीची कमाल मर्यादा आली, जास्तीची जमीन सरकारात जमा होणार असं झालं, तेव्हा नानांच्या बापानं नाल्याकाठचा तुकडा सालदाराच्या नावावर टाकला. निंबाचा अंगठा घेतला. निंबाला वाटलं, सालाचा कागद असेल. पुढं कोणी त्याला काही सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. त्याच विहिरीवर, मोटारीच्या पेटीला ओला हात लागून तो एका दुपारी मेला. आपल्याच वावरात मेला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि या गोष्टीचा मला अजून राग येतो.

घरी भिकुबाईनं भाकरी वाढली, पण स्वतः घेतली नाही. पुना मात्र नेहमीसारखा जेवत होता.

"नानाले इचारी लेसू," तो म्हणाला.

"काय इचारशी?"

"मनं नाव लावू का म्हनीसन."

"तुना बाप, तुना बापनं नाव. नानाले काय इचारानं?"

"त्यासनं अन्न खातस आपन. नही इचारं ते काय म्हनतीन?"

आता याला काय म्हणावं? पण पुनाला विचारल्याशिवाय नानांच्या बांधावर पडलेला आंबा उचलायचीसुद्धा सवय नव्हती. एकतीस वर्षं तो विचारत आला होता. बैल सोडू का, पाणी बदलू का, पोरीच्या लग्नाला दोन दिवस जाऊ का. आपल्या बापाची जमीन आपल्या नावावर करू का, हेही त्याला त्याच रांगेतलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नानांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. भिकुबाई गोठ्यातलं शेण भरत होती, तिला तिथून सगळं ऐकू येत होतं. नाना खुर्चीत होते. ऐंशीच्या घरात गेले होते, कान गेले होते, पण पुनाचा आवाज त्यांना कळायचा. त्यांचा मुलगा हितेंद्र मोटारसायकलवर बसून फोनवर केळीच्या गाडीचं बोलत होता.

"नाना, चावडीमा बापनं नाव निंघनं. एकशे बारावर. मी मनं नाव लावू का?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "निंबा भला माणूस व्हता," ते म्हणाले.

हितेंद्रनं फोन खिशात टाकला. त्याला राग आलेला दिसला नाही. उलट तो हसला. "लाव ना. लावानंच पडी. तू लावाशिवाय ते मना नाववर कसं ई? आखाजीले साल ठरू दे, मग चोपडाले तहसीलमा जाऊत. तू नाव लावजो, अन लगेच मना नाववर करी देजो."

"बरं, भाऊ."

"अंगठा दखाड."

पुनानं उजवा हात पुढं केला. हितेंद्रनं तो धरून उन्हाकडे फिरवला, बाजारात बैलाचे दात बघतात तसा निरखला. अंगठ्याच्या पेरावर केळीच्या चिकाचा काळा थर होता, कातडं फाटून शिवल्यासारखं दिसत होतं.

"चांगला घसीसन धोईसन येजो. मशीनवर उमटाले पाहिजे."

तेव्हा नाना दुसरीकडे बघत होते. भिकुबाईनं शेणाची पाटी डोक्यावर घेतली. तिला वाटलं, आत्ता ही पाटी त्या हसऱ्या तोंडावर उपडी करावी. तिनं ती उकिरड्यावर नेऊन टाकली.

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. सकाळी सालदार मालकाच्या घरी विळा, पहार, दोरखंड परत ठेवतो, मालक त्याच्या हातात नारळ देतो, आणि नारळ घेतला की पुढचं वर्ष बांधलं गेलं. त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, बाजूला सांजोरी. मेलेलं माणूस वर्षातून एकदा पाणी प्यायला घरी येतं. सालदाराच्या बापानं मात्र दुपारपर्यंत तहानलेलं राहायचं, कारण आधी मालकाकडची पाणी भरण्याची कामं उरकायची असतात.

त्या आखाजीला भिकुबाई अंधार फिटताच उठली. ज्योती, तिची पोर, अमळनेरहून माहेरी आलेली, झोपलीच होती. भिकुबाईनं कुंभाराकडून आणलेली घागर कडेवर घेतली, खरबूज आणि सांजोरी पदरात बांधली, आणि घरातल्या चुलीपाशी न मांडता ती नाल्याकाठी गेली. विहिरीच्या कठड्याजवळ, जिथं निंबा पडला होता, तिथली जागा तिनं हातानं साफ केली. विहिरीचं पाणी काढून घागर भरली. वावरात कोणी घागर मांडत नाही, हे तिला माहीत होतं.

पुना मोटार लावायला आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. परत द्यायची पहार त्याच्या खांद्यावर होती. घागर दिसली तसा तो थबकला.

"आठे काब्र मांडी?"

"जो आठे मरना, तो घर काब्र ई पानी पेवाले?"

पुनानं पहार खाली ठेवली, टोपी काढली आणि मातीत बसला. बापाला जाऊन बावीस वर्षं झाली होती. पुना तेव्हा रडला नव्हता, कारण त्याच संध्याकाळी केळीला पाणी द्यायचं होतं. आता तो टोपीत तोंड घालून रडला. भिकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, घागरीवरची माशी हाकत राहिली.

मोटारसायकलचा आवाज आला. हितेंद्र आणि त्याचा चुलतभाऊ जितेंद्र, दोघं नव्या पांढऱ्या कपड्यांत. पुना नारळ घ्यायला का आला नाही ते बघायला आले होते.

"हाई काय शे?" हितेंद्र म्हणाला.

"बापनी घागर, भाऊ." पुना घाईनं उठला, टोपी घालू लागला.

"मना वावरमा तुना बापनी घागर?"

पुना हात जोडून काहीतरी बोलणारच होता. तेवढ्यात भिकुबाई बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता. "वावर त्यानंच शे, भाऊ. चावडीमा वाचं."

हितेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, मग घागरीकडे, आणि बुटाची एक लाथ घातली. घागर कठड्यावर आपटून फुटली. खरबूज गडगडत केळीत गेलं. पाणी क्षणभर मातीवर पसरलं आणि जिरलं.

मग पुनानं जे केलं ते त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. त्यानं हितेंद्रची कॉलर धरली. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसती धरली. शर्टाचं एक बटण तुटून चिखलात पडलं. एवढंच.

जितेंद्रनं मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. पुना तोंडावर पडला. घडाला आधार म्हणून लावलेला बांबू हितेंद्रनं उपटला आणि तो पाठीवर, मांड्यांवर, पुन्हा पाठीवर मारायला लागला. पुना ओरडत नव्हता. भिकुबाई ओरडत होती, पण आखाजीला वावरात कोण असणार? नदीकडून झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती. बांबू चिरला तेव्हा हितेंद्रनं तो फेकला आणि पुनानंच आणलेली पहार उचलली.

"धर त्याले," तो म्हणाला. जितेंद्रनं पुनाचा उजवा हात ओढून मोटारीच्या सिमेंटच्या ओट्यावर दाबून धरला. "हाऊच हात व्हता ना कॉलरले?"

भिकुबाई त्या हातावर पडली. जितेंद्रचा गुडघा तिच्या बरगडीत बसला, ती बाजूला कोसळली आणि तिचा श्वासच बंद झाला. पहार पडल्याचा आवाज तिला जमिनीतून आला. दोनदा. दुसऱ्यांदा पुना ओरडला, आणि नदीवरची गाणी तशीच चालू राहिली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. बाकीची वाचतील म्हणाले. नोंद झाली ती कडबाकुट्टीत हात गेल्याची. हितेंद्रनंच गाडी दिली होती, हितेंद्रच बरोबर आला होता, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोच बोलला. पुना शुद्धीत नव्हता. भिकुबाईला विचारलं तेव्हा ती बरगडी धरून खाली बघत राहिली. ती का गप्प बसली? वावरात घागर तिनं मांडली होती. वावर त्याचंच, हे तीच बोलली होती. पाच दिवस ती त्या खाटेशेजारी बसून हाच हिशेब मनाशी घोळवत होती, आणि दर वेळी दोष तिच्याच पदरात पडत होता.

तिची शेजारीण बेबाबाई, तीही केळीत मजुरीला जाणारी, भेटायला आली. "गाव म्हनस कडबाकुट्टीमा हात गया," ती म्हणाली.

"अन तू काय म्हनस?"

बेबाबाईनं आणलेली केळी खाटेवर ठेवली. "मी काय म्हनू, बहीन? मले बी त्यासनाकडेच कामले जानं पडस."

सहाव्या दिवशी जितेंद्र आला. हातात नारळ. खाटेवर, पुनाच्या पायाशी त्यानं तो ठेवला. "साल चालू शे, भाऊनी सांगं शे," तो म्हणाला. "तुन्हं साल कोन्ही तोडत नही. बुधवारले मुदत सरस. गाडी धाडसूत." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "डावा अंगठा बी चालस म्हने."

ज्योती रडायला लागली. पुनानं डावा हात डोळ्यांसमोर धरला. त्या हाताकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो अंगठाही काळा होता, पण त्याच्या रेषा अजून होत्या.

"देई टाकू, ज्योतीनी माय," तो म्हणाला. "काय करनं ते वावर लईसन? मले आते विळा बी धरता येवाव नही."

भिकुबाईनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "झोप आते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीला खाटेशी बसवून ती पहिल्या एसटीनं गावी आली. घरात गेली, छपरात खोचलेला विळा काढला, दगडावर चार वेळा घासला, आणि नाल्याची वाट धरली. वाटेत कोणी भेटलं तर ती थांबली असती का, कोण जाणे. कोणी भेटलं नाही.

बाग भरात होती. घड लोंबत होते, महिनाभरात कापणी आली असती. यातलं एकेक खोड तिच्या ओळखीचं होतं. गेल्या जूनमध्ये वाकून वाकून हे कंद तिनं लावले होते, पायानं माती दाबली होती, थंडीत बुंध्याशी फुटलेली पिलं कापली होती. तिची जी लुगडी होती त्यातल्या एकावरही केळीच्या चिकाचा डाग नाही असं नव्हतं. तो डाग कशानंही जात नाही.

पहिलं खोड तिनं विहिरीपाशी कापलं. केळीचं खोड म्हणजे काय, नुसतं पाणी. खच्चकन विळा आत गेला, खोड क्षणभर तसंच उभं राहिलं, मग घडाच्या वजनानं वाकून आडवं झालं. तिच्या बरगडीत कळ गेली. तिनं दुसरं कापलं. मग तिसरं. ओळ संपली की ती पुढच्या ओळीत शिरत होती. चीक हातावरून कोपरापर्यंत आला, विळ्याची मूठ बुळबुळीत झाली, तिनं ती पदरानं गुंडाळली. ती रडत नव्हती. दर घावाला तिच्या तोंडून बाळंतिणीसारखा हुंकार निघत होता.

निंदणीला आलेल्या बायका बांधावर येऊन थांबल्या. सात-आठ जणी होत्या, पुढं बेबाबाई.

"भिकु, काय करी ऱ्हायनी? मारी टाकतीन तुले."

भिकुबाईनं मान वर केली नाही. बायकांतल्या कोणी पुढं आल्या नाहीत, पण कोणी गेल्याही नाहीत.

हितेंद्र आला तोवर आठ ओळी आडव्या झाल्या होत्या. त्यानं गाडी चालू ठेवूनच खाली उडी मारली. त्यानं कापलेल्या केळीकडे पाहिलं. "रांडे," तो म्हणाला, आणि बांबू उपटला.

पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यावर आली, उठली, आणि समोरचं खोड कापलं. दुसरा पाठीवर बसला. ती चिकात तोंडावर पडली. उठली आणि आणखी एक खोड कापलं. तिनं विळा त्याच्यावर उगारला नाही. तो तिसऱ्यांदा बांबू उचलत होता तेव्हा तो मागं अडकला. बेबाबाईनं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. ती सोडत नव्हती. मग आणखी दोघींनी धरलं.

"बस, भाऊ," बेबाबाई म्हणाली. "बायकोर शे. मरी जाई."

हितेंद्रनं बांबू सोडला. त्याला धाप लागली होती. आणि इथं त्यानं, रागाच्या भरात, तेच केलं जे बागाईतदाराची बाग कापली गेली की तो करतो. खिशातून फोन काढला आणि ठाण्याला लावला. माझी केळी कापली म्हणाला. आरोपी जागेवर आहे म्हणाला.

हवालदार तासाभरानं आले. वयस्क होते, घामानं भिजलेले, अशा कापलेल्या बागा त्यांनी खूप पाहिल्या होत्या. बहुधा त्या रात्रीत कापलेल्या असत आणि आरोपी कोणी सापडत नसे. इथं आरोपी विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती, विळा मांडीवर, लुगडं चिकानं आणि रक्तानं भरलेलं. हवालदारांनी ओळी मोजल्या, घडांचे फोटो काढले, मग सावलीला बसून पंचनाम्याला वही उघडली.

"गट नंबर?"

"एकशे बारा," हितेंद्र म्हणाला.

"सातबारा आहे का? नसला तर चालेल, मोबाईलवर दिसतो." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोनवर बोट फिरवलं. मग फोन डोळ्यांजवळ नेला. "भोगवटादार निंबा दगा. तुमचं नाव दिसत नाही साहेब यात."

"ते तसं जुनं आहे. पन्नास वर्षं आम्हीच कसतो. गावाला विचारा."

"ते मी विचारीन. फिर्यादीत मालकाचं नाव लागतं. हा निंबा कोण?"

हितेंद्रनं बायकांकडे पाहिलं. बायका भिकुबाईकडे बघत होत्या.

"मना सासरा," भिकुबाई म्हणाली. "आठेच मरना." तिनं बसल्या जागी कठड्याजवळच्या मातीवर हात ठेवला. तिथं अजून घागरीच्या खापऱ्या पडलेल्या होत्या.

"आणि ही केळी कोणी कापली?"

"मी."

"का?"

"मनी शे."

हितेंद्र एक पाऊल पुढं आला. बेबाबाई आणि तिच्या मागच्या बायका जागच्या हलल्या नाहीत, त्यामुळं त्याला तिथंच थांबावं लागलं. हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं, चिखलात पडलेल्या बांबूकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"मग मी फिर्याद कोणाची घेऊ?"

"मनी ल्या," भिकुबाई म्हणाली.

"काय लिहू?"

तिनं विळा बाजूला ठेवला. दवाखान्यातल्या पाच दिवसांत जो दोष तिच्या पदरात पडत राहिला होता, तो तिथं आता नव्हता. तिला पुनाचा डावा अंगठा आठवला, चादरीवर पडलेला, बुधवारची वाट बघणारा.

"पहिले घागर लिखा," ती म्हणाली. "घागर फोडी. मग मना घरवालाना हात फोडा, पहारनी. मग मले मारं, हाऊ बांबू. केयी मी कापी, ते बी लिखा. पन पहिले घागर."

हवालदारांनी लिहिलेलं पान फाडून खिशात टाकलं आणि नवीन पान उघडलं.

"तारीख?"

"आखाजी," भिकुबाई म्हणाली.